काचेच्या मत्स्यपेटीला रोटरी टूलने भोक पाडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मत्स्यपेटीला मुळात भोक पाडायचेच कशाला?

पाणी टाकीच्या काठावरून न नेता काचेतूनच बाहेर न्यायचे असेल, तर भोक लागते. बहुतेकांना ते सम्पसाठी, म्हणजे खाली ठेवलेल्या गाळणीच्या दुसऱ्या टाकीसाठी हवे असते. टाकीतले पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की भोकातून खाली सम्पमध्ये उतरते, तिथे गाळले जाते आणि पंपाने पुन्हा वर येते. काठावर अडकवलेल्या सायफनच्या नळीत हवा शिरली की प्रवाह तुटतो, खालचा पंप मात्र पाणी वर ढकलत राहतो आणि टाकी ओसंडून वाहू लागते. काचेतल्या भोकाच्या बाबतीत हा धोका उरत नाही, कारण तिथे पाणी केवळ गुरुत्वाकर्षणाने वाहते. याशिवाय बाष्पीभवनाने घटलेले पाणी आपोआप भरणारी बारीक नळी, पाणी बदलण्यासाठीचा नळ किंवा पंपाची परतीची नळी यांसाठीही भोके पाडली जातात.

कोणत्याही काचेला भोक पाडता येते का?

नाही. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही आणि कितीही महागडे बिट (यंत्राला लावायचे भोक पाडणारे टोक) किंवा कितीही सराईत हात असला तरी याला अपवाद नाही. ही काच सुमारे ६२० ते ६५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवेच्या झोताने झपाट्याने थंड केलेली असते. त्यामुळे तिचे दोन्ही पृष्ठभाग कायमचे दाबाखाली आणि आतला थर कायमचा ताणाखाली राहतो. पृष्ठभागावरच्या या दाबामुळेच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. परंतु बिट तो पृष्ठभाग भेदून ताणलेल्या थरापर्यंत पोहोचले की साठलेली सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते आणि संपूर्ण काचेचा क्षणात बारीक खड्यांसारखा चुरा होतो. ज्या टफन्ड काचांना भोके दिसतात, त्यांची भोके काच तापवण्याच्या आधीच पाडलेली असतात.

साध्या काचेला मात्र व्यवस्थित भोक पाडता येते. लोहाचे प्रमाण कमी असलेली, कडेने हिरवट न दिसणारी जास्त पारदर्शक काचही चालते, फक्त ती टफन्ड केलेली नसावी.

आपली काच टफन्ड आहे की साधी, हे घरच्या घरी कसे ओळखावे?

सगळ्यात आधी टाकीवरचे लेबल वाचावे. तयार टाक्यांच्या तळावर किंवा मागच्या बाजूला ‘तळ टफन्ड आहे, भोक पाडू नये’ अशा अर्थाची सूचना पुष्कळदा असते. कित्येक टाक्यांचा फक्त तळ टफन्ड असतो आणि चारही बाजू साध्या असतात, म्हणून एका काचेची खात्री झाली तरी तीच बाब दुसऱ्या काचेला लागू आहे असे धरून चालू नये. ज्या काचेला भोक पाडायचे, तीच काच तपासावी.

लेबल नसेल, तर ध्रुवित प्रकाशाची चाचणी करावी. तिला लॅपटॉप किंवा टॅबलेटचा एलसीडी पडदा आणि पोलराइज्ड गॉगल किंवा कॅमेऱ्याचा पोलराइजर फिल्टर एवढेच साहित्य लागते. पडद्यावर पूर्ण पांढरे पान उघडावे आणि गॉगल डोळ्यांसमोर धरून हळूहळू फिरवावा. एका विशिष्ट कोनात पडदा जवळजवळ काळा दिसू लागेल. तो काळा झालाच नाही, तर तो पडदा किंवा तो गॉगल या चाचणीच्या कामाचा नाही. आता गॉगल त्याच कोनात स्थिर ठेवून पडदा आणि गॉगल यांच्यामध्ये टाकीची काच येऊ द्यावी. टाकीच्या बाहेर पडदा ठेवून आरपार पाहिले, तर दोन काचा मध्ये येतात आणि दिसते ते कोणत्या काचेचे हे कळत नाही. म्हणून कोरड्या टाकीच्या आत पडदा ठेवून एकाच काचेतून पाहावे.

काच साधी असेल तर पडदा होता तसाच एकसारखा काळा राहतो. टफन्ड असेल तर काचेत उजळ पट्टे, ठिपके किंवा रंगीत छटा दिसतात आणि काच सरकवली की त्या काचेबरोबर सरकतात. नजर बसावी म्हणून आधी ठाऊक असलेली टफन्ड काच पाहून घेतलेली बरी. मोटारीच्या बाजूच्या खिडकीची काच बहुधा टफन्ड असते आणि तिच्यातले ठिपके स्पष्ट दिसतात. काच पडद्यासमोर वेगवेगळ्या कोनांत फिरवूनही पाहावी, कारण एकाच कोनात काही पट्टे लपून राहू शकतात. एवढे करूनही शंका उरली, तर ती काच टफन्ड आहे असेच समजावे. संपूर्ण कामात हीच एक पायरी अशी आहे, जिथे चुकले तर पुढची सगळी काळजी व्यर्थ जाते, आणि नेमकी हीच पायरी लोक घाईत वगळतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

रोटरी टूल या कामाला खरोखर योग्य आहे का? साधे ड्रिल मशीन बरे नाही का?

भोकाच्या आकारावर उत्तर अवलंबून आहे. अनेकजण ज्याला ‘ड्रेमेल’ या ब्रँडच्या नावानेच ओळखतात, ते हातात मावणारे रोटरी टूल खूप वेगाने फिरते, पण त्याचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, कमी असतो. त्याचा किमान वेगच बहुधा मिनिटाला ५,००० फेऱ्यांच्या आसपास असतो आणि कमाल वेग ३०,००० च्या वर जातो. घरगुती ड्रिल मशीन याउलट मिनिटाला काहीशे फेऱ्यांवरही चालवता येते.

काचेच्या दृष्टीने फेऱ्यांच्या आकड्यापेक्षा बिटची कड काचेवरून किती वेगाने घासली जाते ते महत्त्वाचे आहे. ५,००० फेऱ्यांवर ६ मि.मी. व्यासाच्या बिटची कड मिनिटाला सुमारे ९४ मीटर अंतर घासते. तेवढ्याच फेऱ्यांवर ३५ मि.मी.चे बिट मिनिटाला सुमारे ५५० मीटर घासते. एवढ्या वेगाने निर्माण होणारी उष्णता पाण्याला वाहून नेता येत नाही. ३५ मि.मी.च्या बिटची कड ६ मि.मी.च्या बिटच्या वेगानेच घासावी असे वाटत असेल, तर ते मिनिटाला साधारण ८५५ फेऱ्यांवर चालवावे लागेल आणि रोटरी टूल इतके हळू फिरतच नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. साधारण १२ मि.मी.पर्यंतच्या भोकांना रोटरी टूल उत्तम आहे. ते हलके असते, हातात स्थिर राहते आणि पीळ कमी असल्यामुळे बिट अडकले तरी काचेला झटका बसत नाही. बल्कहेडसाठी, म्हणजे भोकात बसवून पाइप जोडायच्या आट्यांच्या फिटिंगसाठी, लागणाऱ्या मोठ्या भोकांना कमी वेगाचे ड्रिल मशीन आणि डायमंड होल सॉ, म्हणजे नळीसारखे पोकळ बिट, वापरावा. हाताशी फक्त रोटरी टूलच असेल, तर मोठे भोकही पाडता येते, पण मोठा होल सॉ लावून नव्हे. आखलेल्या वर्तुळाच्या आतल्या बाजूने बारीक दंडगोल डायमंड बिट फिरवत गोल खाच खोल करत न्यावी लागते.

या गोल खाचेच्या पद्धतीत तोटा काय?

वेळ आणि बिटची झीज. ८ मि.मी. जाडीच्या काचेत ३५ मि.मी.चे भोक पाडायचे आहे असे धरू. होल सॉची भिंत सव्वा मि.मी. असेल, तर त्याला सुमारे १,०६० घन मि.मी. काच घासावी लागते. ३ मि.मी.च्या दंडगोल बिटने तेच वर्तुळ कापताना सुमारे २,४०० घन मि.मी. काच घासली जाते, म्हणजे काम सव्वादोन पटींहून जास्त. शिवाय ते एका बारीक बिटवर पडते आणि ते बिट मध्येच बोथट होते. या पद्धतीने काम करायचे असेल, तर एकाच मापाची दोन-तीन बिटे जवळ ठेवावीत.

या पद्धतीचा फायदाही आहे. होल सॉच्या ठरावीक मापांशी बांधून न राहता फिटिंगच्या नेमक्या मापाचे भोक करता येते, आणि आधी पाडलेले भोक एखादा मि.मी. लहान पडले असेल, तर ते वाढवण्यासाठी रोटरी टूलसारखे दुसरे साधन नाही.

बिट कोणते घ्यावे?

डायमंडचेच. लोखंडासाठीचे पोलादी बिट काचेवर नुसते घसरते आणि तापते. भिंतीसाठीचे कार्बाइडचे बिट ठोके देत फिरण्यासाठी असते, ते या कामात अजिबात आणू नये. काचेसाठी भाल्याच्या टोकासारखे कार्बाइड बिट मिळते आणि त्याने पातळ काचेला बारीक भोक पडतेही, पण त्याचे पाते काच कुरतडते, त्यामुळे टवके जास्त उडतात. डायमंडचे बिट काच कापत नाही, कणाकणाने घासून काढते.

रोटरी टूलच्या कोलेटमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या चिमट्यात, सामान्यतः ३.२ मि.मी. जाडीचा दांडा बसतो, तो तपासून घ्यावा. स्वस्त बिटांवर हिऱ्याच्या कणांचा एकच थर निकेलने चिकटवलेला असतो. तो थर गेला की बिट संपले. ते संपत आल्याची खूण अशी, की पाणी पूर्वीसारखे दुधाळ होत नाही आणि हात नकळत जोर लावू लागतो. तिथेच थांबून बिट बदलावे, कारण बोथट बिटवर टाकलेला जोर हे काच तडकण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. बिटच्या वेष्टनावर कमाल वेग छापलेला असतो. विशेषतः बारीक दांड्यावर बसवलेले रुंद होल सॉ वेगात डगमगतात, त्यामुळे ही मर्यादा ओलांडू नये.

भोक किती मोठे असावे?

फिटिंग हातात आल्याशिवाय भोक पाडू नये. बल्कहेडवर लिहिलेले माप त्यात बसणाऱ्या पाइपचे असते, भोकाचे नव्हे, आणि एकाच मापाच्या दोन वेगवेगळ्या बनावटीच्या बल्कहेडना वेगवेगळी भोके लागू शकतात. व्हर्नियर कॅलिपरने आट्यांचा बाहेरचा व्यास मोजावा आणि त्यात १ ते २ मि.मी. मिळवावेत. फिटिंग भोकात सहज बसले पाहिजे, ठोकून किंवा पिळून नव्हे. वरची मर्यादा गॅस्केट, म्हणजे फिटिंग आणि काच यांमध्ये बसणारी गळती रोखणारी चकती, ठरवते. भोकाच्या कडेपलीकडे सर्व बाजूंनी गॅस्केटची पुरेशी रुंदी काचेवर टेकली पाहिजे.

भोक कडेपासून किती अंतरावर असावे आणि कोणत्या काचेत असावे?

सुरक्षित नियम असा, की भोकाची कड आणि काचेची कड यांच्यात निदान भोकाच्या व्यासाइतके अंतर असावे आणि दोन भोकांच्या मधेही तेवढेच ठेवावे. म्हणजे ३५ मि.मी.च्या भोकाचे केंद्र काचेच्या कडेपासून ५२.५ मि.मी.हून जवळ नसावे. अंतर मोजताना काचेची खरी कड धरावी, आत दिसणारी सिलिकॉनची कड नव्हे. नटाला आणि पाना फिरवायला जागा उरते का, हेही तेव्हाच पाहावे.

सम्पच्या ओव्हरफ्लोसाठी मागच्या काचेत, वरच्या बाजूला आणि मध्यापेक्षा कोपऱ्याकडे भोक घेणे मला सर्वांत श्रेयस्कर वाटते. काठाला पट्टी नसलेल्या टाकीत पाणी भरले की लांब काचेचा वरचा मध्यभाग सर्वांत जास्त बाहेर फुगतो, म्हणून ती जागा टाळावी. तळातल्या भोकाचा दोष वेगळा आहे. तिथले गॅस्केट गळू लागले किंवा आतला उभा पाइप निसटला, तर टाकी शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होऊ शकते. भोक वर असेल, तर पाणी भोकाच्या पातळीपर्यंतच उतरते आणि मासे वाचतात.

वीज गेल्यावर किती पाणी सम्पमध्ये उतरेल, हेही भोकाच्या उंचीवरूनच ठरते. ९० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद टाकीत पाण्याची पातळी ३ सेंमी उतरली, तर सुमारे १२ लिटर पाणी खाली येते. सम्पमध्ये तेवढी रिकामी जागा नेहमी राखून ठेवावी लागते. परतीची नळी पाण्यात खोल बुडालेली असेल, तर पंप बंद पडल्यावर तिच्यातूनही पाणी उलटे उतरते, त्याचा हिशेब वेगळा धरावा.

एका भोकाने काच किती कमजोर होते?

भोकापाशी बसणारा पाण्याचा थेट दाब फार नसतो. ४५ सेंमी खोलीवर दर चौरस सेंमीला सुमारे ४५ ग्रॅम भार येतो. म्हणजे अगदी तळाशी ३५ मि.मी.चे भोक असले, तरी त्यातल्या फिटिंगवर अर्धा किलोही भार येत नाही. पण ९० × ४५ सेंमीच्या संपूर्ण मागच्या काचेवर एकूण सुमारे ९१ किलोचा भार असतो आणि त्याने काच वाकते. या वाकण्यातून येणारा ताण भोकाच्या कडेपाशी एकवटतो. एका दिशेने ताणलेल्या मोठ्या पत्र्यातल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे गुस्टाव्ह किर्श यांनी १८९८ मध्ये गणिताने दाखवले होते. वाकणाऱ्या काचेत हा गुणक भोकाचा व्यास आणि काचेची जाडी यांच्या प्रमाणानुसार बदलतो, पण ताण एकवटतो हे तत्त्व तेच राहते.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की भोकाची कड गुळगुळीत असेल आणि काच टाकीच्या उंचीला साजेशी जाड असेल, तर भोक निभावून जाते. आधीच काटकसरीने पातळ काच वापरलेली टाकी मात्र भोक पाडण्याच्या लायकीची नसते.

टाकीत पाणी आणि मासे असताना वरच्या बाजूला भोक पाडता येईल का?

नाही, पाडू नये. पाण्याच्या भाराने काच आधीच ताणलेली असते, त्यात विजेचे साधन आणि काचेचा चुरा यांची भर पडते. टाकी पूर्ण रिकामी करावी.

सुरू करण्याआधी कोणती तयारी करावी?

ज्या काचेला भोक पाडायचे, ती वर येईल आणि आडवी राहील अशी टाकी ठेवावी. खाली सपाट जागेवर थर्माकोलची किंवा फोमची सलग शीट असावी. एखादा खडा किंवा स्क्रू खाली राहिला, तर त्यावर टेकलेली काच भोकाशी काही संबंध नसतानाही तडकू शकते. भोकाच्या जागेभोवती मुलांच्या खेळण्यातल्या मळण्याच्या मातीचे कडे करून काचेवर घट्ट दाबावे आणि त्यात पाणी भरावे. रोटरी टूलच्या बाबतीत पाण्याची खोली ५ ते ८ मि.मी. पुरते. त्याहून जास्त भरले, तर कोलेटचा नट पाण्यात फिरू लागतो आणि पाणी सगळीकडे उडते. काचेच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी रुंद चिकटपट्टीचे दोन थर लावावेत, म्हणजे सुटलेला तुकडा खालच्या काचेवर आपटत नाही.

विजेबाबत कोणतीही सवलत घेऊ नये. बॅटरीवर चालणारे साधन असेल तर उत्तम. वायरचे असेल, तर ज्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरची गळतीसंरक्षक यंत्रणा आहे, त्यावरच ते लावावे, आणि वायरला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकते. लवचीक शाफ्टची जोड मिळत असेल, तर अवश्य घ्यावी. तिच्यामुळे मोटर पाण्यापासून दूर टांगता येते आणि हातात फक्त बारीक दांडा राहतो, त्यामुळे कामावर ताबाही चांगला येतो. बाजूने पूर्ण बंद असलेला चष्मा आणि मास्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत लावून ठेवावेत. सैल बाह्या आणि गळ्यातले काही असेल तर ते दूर ठेवावे.

प्रत्यक्ष भोक पाडताना हात कसा चालवावा?

पहिला अर्धा मिनिट निर्णायक असतो, कारण गुळगुळीत काचेवर फिरते बिट पळत सुटते आणि ओरखडे उमटवते. यावर चांगला उपाय म्हणजे प्लायवूडच्या तुकड्यात हव्या त्या मापाचे भोक करून तो तुकडा दुहेरी चिकटपट्टीने काचेवर बसवणे. बिट त्याच्या आतच फिरते. साचा नसेल, तर बिट तिरके धरून काचेत चंद्रकोरीसारखी छोटी खाच करावी आणि खाच धरली की साधन हळूहळू उभे करत न्यावे. वेग सर्वांत कमी ठेवावा.

त्यानंतर हाताचा जोर नव्हे, साधनाचे स्वतःचे वजनच काम करते. काच उष्णता फार सावकाश वाहून नेते, म्हणून घर्षणाची उष्णता बिटच्या टोकापाशीच साठते. तापलेला भाग प्रसरण पावू पाहतो, भोवतालची थंड काच त्याला अडवते आणि तडा जातो. हे टाळण्यासाठी दर काही सेकंदांनी बिट किंचित वर उचलावे, म्हणजे पाणी खाचेत शिरते आणि चुरा बाहेर येतो. पाणी दुधासारखे पांढरे होणे हे काम नीट चालल्याचे लक्षण आहे. ते दाट लापशीसारखे झाले, तर थांबून स्पंजने टिपून घ्यावे आणि नवे पाणी भरावे. कोरडा पांढरा भुकटा दिसला, तर त्याच क्षणी साधन उचलावे. तापलेल्या काचेवर लगेच थंडगार पाणी ओतू नये, तिला आपोआप निवू द्यावे.

गोल खाचेच्या पद्धतीत एकाच जागी खोल जाऊ नये. संपूर्ण वर्तुळावर पाव ते अर्धा मि.मी. खोलीचा फेरा पूर्ण करावा आणि मग पुढचा फेरा घ्यावा. बिट रेषेच्या आत ठेवावे. शेवटचा अर्धा मि.मी. नंतर बिटच्या बाजूने घासून मापात आणता येतो, पण रेषेबाहेर गेलेली काच परत आणता येत नाही.

शेवटचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. काच पातळ उरली की आवाजाची पट्टी बदलते, बारीक थरथर हाताला जाणवते आणि खालच्या चिकटपट्टीवर ओलसर वर्तुळ दिसू लागते. इथे साधनाचे वजनही हाताने थोडे पेलून धरावे. मोठे टवके उडतात ते याच वेळी, कारण उरलेला थर घासला जाण्याऐवजी मोडतो.

भोक आतून पाडावे की बाहेरून?

बिट ज्या बाजूने बाहेर पडते, तिथे टवके उडतात. बल्कहेडचे गॅस्केट बहुधा टाकीच्या आत, फिटिंगच्या कॉलरखाली बसते, म्हणून आतली बाजू स्वच्छ राहणे जास्त महत्त्वाचे. त्या हिशेबाने आतून बाहेर भोक पाडणे चांगले, पण लहान टाकीत हात सरळ धरता येत नाही आणि तिरके भोक टवक्यांपेक्षा वाईट. हात नीट पोहोचत नसेल, तर बाहेरूनच पाडावे आणि शेवटच्या टप्प्यात अधिक सावकाश जावे.

किती वेळ लागतो?

काचेची जाडी, भोकाचा व्यास आणि बिटचा ताजेपणा यांवर ते ठरते. घड्याळ बाजूला ठेवूनच कामाला बसावे.

टवका उडाला किंवा तडा गेला, तर काय करावे?

या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. टवका म्हणजे शिंपल्यासारख्या आकाराचा उडालेला तुकडा. तो जिथे संपतो तिथेच थांबलेला असतो. तो गॅस्केटच्या रुंदीच्या आत झाकला जात असेल, तर कड घासून घ्यावी आणि पुढे जावे. तडा म्हणजे काचेच्या आत गेलेली रेषा. टॉर्च अगदी तिरका धरून पाहिले की ती चकाकते, आणि नखाला लागत नसली तरी ती असू शकते.

तडा गेलेली काच वापरू नये. ताणाखाली असलेल्या काचेतली चीर पाण्याच्या सान्निध्यात हळूहळू वाढत जाते, कारण पाण्याचे रेणू चिरेच्या टोकाशी असलेले सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे बंध तोडायला मदत करतात. त्यामुळे चाचणीत टिकलेली टाकीही काही आठवड्यांनी अचानक फुटू शकते. चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती थांबवण्याचा उपाय सुचवला जातो, पण शेकडो लिटर पाणी अडवणाऱ्या काचेवर त्याचा भरवसा धरू नये. ती काच बदलणे हाच मार्ग आहे.

भोकाची कड कशी घासावी?

ओल्या वॉटर पेपरने, आधी २२० आणि मग ४०० नंबरच्या. त्याआधी रोटरी टूलवर बारीक दाण्याचे शंकूच्या आकाराचे डायमंड बिट लावून दोन्ही बाजूंची धार अर्धा ते एक मि.मी. मोडून घ्यावी. हे साधन सर्वांत जास्त शोभून दिसते ते या कामात. कडेवर राहिलेली प्रत्येक बारीक खाच पुढच्या तड्याची सुरुवात ठरू शकते, त्यामुळे ही पायरी दिखाव्यासाठी आहे असे मानू नये.

बल्कहेड बसवताना काय पाहावे?

गॅस्केट कॉलरच्या बाजूला आणि नट दुसऱ्या बाजूला. काच आणि गॅस्केट दोन्ही स्वच्छ असतील, तर सिलिकॉनची गरज नसते. उलट सिलिकॉन लावल्यावर गॅस्केट घसरते आणि पुढे फिटिंग काढणे अवघड होते. नट हाताने घट्ट करावा आणि मग फार तर पाव ते अर्धा फेरा पान्याने द्यावा. काही फिटिंगच्या नटाला उलटे आटे असतात, ते आधी पाहून घ्यावे. पाइपचे वजन भोकावर लटकू देऊ नये, त्याला वेगळा आधार द्यावा.

गळतीची चाचणी कशी घ्यावी?

टाकी सपाट आणि पाणी सांडले तरी चालेल अशा जागी ठेवावी, फिटिंगच्या खाली कोरडा कागद पसरावा आणि भोकाच्या थोडे वरपर्यंतच पाणी भरावे. काही तासांनी कागद कोरडा असेल, तर टप्प्याटप्प्याने पूर्ण भरावे आणि निदान २४ तास तसेच ठेवावे. थेंब दिसला म्हणून भरलेल्या टाकीचा नट आवळू नये. पाणी उतरवून, गॅस्केट काढून, पुसून, पुन्हा बसवावे. भोवतालच्या काचेवर टॉर्च मारून नव्या रेषा आल्या आहेत का, हे चाचणीच्या आधी आणि नंतर असे दोन्ही वेळा पाहावे.

नको असलेले भोक बुजवता येते का?

येते. तात्पुरते बुजवायचे असेल, तर बल्कहेड तसाच ठेवून त्याला बूच लावावे. कायमचे बुजवायचे असेल, तर भोकाच्या सर्व बाजूंनी निदान ३ ते ५ सेंमी पुढे जाईल एवढा काचेचा तुकडा आतल्या बाजूने सिलिकॉनने चिकटवावा, म्हणजे पाण्याचा दाब त्याला काचेवर दाबूनच धरतो. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेले, मत्स्यपेटीसाठीचे असावे. ते हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत वाळत जाते आणि दोन काचांमध्ये दबलेल्या रुंद थराच्या मधल्या भागापर्यंत ओलावा फार सावकाश पोहोचतो. म्हणून पाकिटावर २४ तास लिहिलेले असले, तरी अशा जोडाला आठवड्याहून अधिक वेळ द्यावा.

काचेचा चुरा आरोग्याला किंवा माशांना घातक असतो का?

काचेतली सिलिका स्फटिकरूप नसते, म्हणून दगड कापताना उडणाऱ्या धुळीइतका तो धोकादायक नाही. तरीही तो डोळ्यांना, घशाला आणि फुप्फुसांना त्रास देतो. पाण्याखाली काम केल्यास तो हवेत फारसा उडत नाही, पण सांडलेला राडा वाळला की पुन्हा धूळ होते, म्हणून तो ओला असतानाच कागदाने टिपून घ्यावा, झाडूने झाडू नये. पुसलेले कागद बंद पिशवीत घालून टाकावेत आणि राडा मोरीच्या पाइपमध्ये ओतू नये, कारण तो खाली बसून घट्ट होतो. वाळू भरण्याआधी टाकी साध्या पाण्याने दोन-तीनदा खळबळून धुवावी. साबण वापरू नये. सिलिकॉनच्या सांध्यांत आणि कोपऱ्यांत अडकलेला पांढरा थर मऊ ब्रशने काढावा, कारण तळाशी चरणाऱ्या माशांच्या तोंडाशी सर्वांत आधी तोच येतो.